उशिरा खुडलेली द्राक्षं आणि आपलं मनुकांचं शरबत



वाइनवर लेख, आणि तो एका निवृत्त नर्सने लिहिलेला, याचं काही जणांना नवल वाटेल. माझं सगळं आयुष्य "हे पिऊ नका, ते खाऊ नका" असं सांगण्यात गेलं. पण या वाइनची एक आठवण मनात घर करून आहे, म्हणून लिहायला बसले.

माझं बालपण अलिबागेत गेलं. कोकणात द्राक्षाचे मळे कुठले? शब्बाथच्या किद्दूशसाठी आई काळ्या मनुका रात्रभर भिजत घालायची. सकाळी त्या हाताने कुस्करून, फडक्यातून गाळून घ्यायची. तेच आपलं शरबत. आपल्या जुन्या बेने-इस्राएल घरांत बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. १९७१ साली इस्राएलला आल्यावर बाटलीतली वाइन मिळू लागली आणि शरबत मागे पडलं.

माझ्या यजमानांना पन्नाशीत मधुमेह झाला. घरात नर्स असल्यावर मग काय विचारता! किद्दूशची गोड वाइन मी बंद करून टाकली आणि कोरडी वाइन आणू लागले. ते बिचारे दर शुक्रवारी किद्दूश म्हणायचे, घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. मी लक्ष द्यायची नाही.

२०११ च्या रोश हशानाला मुलाने एक छोटी बाटली आणली. आत सोनेरी रंगाची वाइन. कार्मेल वाइनरीची, गोलानमधल्या शाआल इथल्या मळ्यातल्या गेवुर्त्सट्रामिनर द्राक्षांची 'लेट हार्वेस्ट', म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची. नाव उच्चारताना जीभ वळत नाही, पण द्राक्ष मोठं वासाचं.

ही वाइन होते कशी, ते मुलाने समजावून सांगितलं. साखर वरून घालत नाहीत, बरं का. नेहमीची तोडणी झाल्यावर काही घड वेलीवरच आणखी काही आठवडे ठेवतात. उन्हावाऱ्याने द्राक्षातलं पाणी उडतं, साल सुरकुतते आणि गोडी दाट होते. मग रस काढून आंबवतात. यीस्ट साखर खाऊन दारू तयार करतं, पण साखर इतकी असते की ती सगळी संपत नाही. किंवा वाइन करणारा रस थंड करून आंबणं मध्येच थांबवतो. उरते ती द्राक्षाची स्वतःची गोडी. घडातून रस फार थोडा निघतो, म्हणून बाटली ३७५ मिलीलीटरची आणि किंमत मात्र मोठी.

हे ऐकून मी म्हटलं, "अरे, म्हणजे आपल्या मनुकाच की! आई पाणी घालून परत रस काढायची, हे लोक वेलीवर सुकवून काढतात." सगळे हसले, पण मुद्दा खोटा नव्हता.

यजमानांनी ग्लास बाजूला सारला. म्हणाले, "मला कोण देणार?" मला कसंतरीच झालं. मी कपाटातून औषधाचा प्लास्टिकचा पेला आणला आणि ३० मिलीलीटर मोजून दिली. अशा वाइनमध्ये लिटरला १२० ग्रॅम साखर धरली, तर ३० मिलीलीटरमध्ये चार ग्रॅमसुद्धा होत नाही, म्हणजे जेमतेम एक चमचा. त्यांनी आधी वास घेतला, बराच वेळ घेतला. मग एक घोट. म्हणाले, "आईच्या शरबताचा वास आहे गं."

२०१६ मध्ये ते गेले. हा हिशोब मला आधीच करता आला असता, ही रुखरुख अजून आहे.

आता चाखायचं कसं, ते सांगते. बाटली फ्रिजमध्ये चांगली गार करावी, ८ ते १० अंश. लहान ग्लासात थोडीशीच ओतावी. आधी रंग पाहावा, मग वास घ्यावा. गेवुर्त्सट्रामिनरला लिची आणि गुलाबाचा वास येतो. मला तर गुलकंद आठवतो. मध, सुकं जर्दाळू, संत्र्याची सालही जाणवते. घोट जिभेवर थोडा थांबवावा. चांगल्या वाइनमध्ये गोडीच्या मागून आंबटपणा यायलाच हवा. पन्ह्यात नुसता गूळ असेल आणि कैरी कमी पडली, तर ते जसं मचूळ लागतं, तसंच इथेही. गोलानच्या उंचीवर रात्री थंड असतात, त्यामुळे द्राक्षात हा आंबटपणा टिकतो.

जर्मनी आणि कॅनडात द्राक्षं वेलीवरच गोठू देऊन 'आइस वाइन' करतात. आपल्याकडे तसली थंडी नाही, म्हणून गोलान हाईट्स वाइनरीने खुडलेली द्राक्षं गोठवून यार्डेनची 'हाईट्स वाइन' काढली. आणि आपल्या नाशिकच्या सुला वाइनरीनेही शेनिन ब्लाँ द्राक्षांची लेट हार्वेस्ट केली आहे! कोशेर पाळणाऱ्यांनी मात्र कुठलीही बाटली घेताना शिक्का पाहून घ्यावा.

सोबत काय खावं? पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, नाहीतर वाइन नुसती आंबट लागते. आपल्या चिकाच्या हलव्यापुढे तिचा टिकाव लागत नाही, हे मी करून पाहिलं आहे. शावुओतचा चीजकेक, खारट चीज, भाजलेले बदाम किंवा सफरचंदाची फोड छान. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर चांगली राहते.

शेवटी नर्सचं ऐका. मधुमेह असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील, तर दारूमुळे काही तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते; म्हणून रिकाम्या पोटी कधीच नको. आणि घरात कुणी पथ्यावर असेल, तर नुसतं "नको" म्हणू नका. डॉक्टरांची परवानगी असेल तर मोजून द्या, आणि शेजारी बसून द्या.

तो औषधाचा पेला मी जपून ठेवला आहे. दर रोश हशानाला माझी वाइन मी त्यातूनच घेते.

लेखाईम!