मतपेटीत न दिसलेली माणसं

अमेरिकेची निवडणूक आली की आपल्या मोबाइलवर लाल-निळे नकाशे फिरायला लागतात. ‘हे राज्य यांचं, ते त्यांचं’ करत आपणही झूम करून बघत बसतो. पण 1964 चा नकाशा एकदा काढून बघाच. इतका फसवा नकाशा शोधून सापडायचा नाही.

त्या वर्षी डेमोक्रॅट लिंडन जॉन्सन यांनी रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांचा पार धुव्वा उडवला. 50 पैकी 44 राज्यं, 61 टक्के मतं. रिपब्लिकनांची साथ तोवर एकदाही न सोडलेलं व्हर्मांटसुद्धा जॉन्सनकडे गेलं. गोल्डवॉटरना मिळालं त्यांचं स्वतःचं अ‍ॅरिझोना आणि दक्षिणेतली सलग पाच राज्यं: लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना. (अलाबामात तर जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं!)

गंमत म्हणजे ही पाच राज्यं डेमोक्रॅट्सचे जुने बालेकिल्ले. मिसिसिपीनं 1936 मध्ये रूझवेल्टना 97 टक्के मतं दिली होती. 28 वर्षांनी तिथेच गोल्डवॉटरना 87 टक्के! कारण सरळ होतं. 2 जुलै 1964 ला जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेल, थिएटर, नोकरी, सगळीकडचा वर्णभेद बेकायदा ठरला. गोल्डवॉटरनी सिनेटमध्ये या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. दक्षिणेतल्या गोऱ्या मतदाराला तेवढं पुरलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. खरी गोम आहे काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या पातळीवर. मिसिसिपीतली होम्स काउंटी घ्या. कापसाचा मुलूख, दोन तृतीयांशांहून जास्त लोक कृष्णवर्णीय. तिथे गोल्डवॉटरना मिळाली 96 टक्क्यांहून जास्त मतं. म्हणजे कृष्णवर्णीयांनीच आपल्या हक्कांविरुद्ध मत दिलं? छे! त्यांना मत देऊच दिलं नव्हतं. मिसिसिपीत कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम 7 टक्के लोकांची मतदार म्हणून नोंद होती.

नोंदणीला गेलं की कारकून राज्यघटनेतलं एखादं कलम पुढे टाकायचा आणि अर्थ सांगायला लावायचा. उत्तर बरोबर की चूक, हे तोच ठरवणार. वर अर्जदाराची नावं दोन आठवडे स्थानिक पेपरात छापायची. का, ते उघड आहे. मालकाला, सावकाराला कळावं म्हणून. फॅनी लू हॅमर ही शेतमजूर बाई 1962 मध्ये नोंदणीला गेली आणि नापास झाली. मळ्याच्या मालकानं त्याच दिवशी तिला अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो असं सांगितलं. अठरा वर्षं तिथे राबलेली बाई त्या रात्री घराबाहेर होती. आपल्याला मताचा अधिकार आहे हे तिला कळलं तेव्हा ती चव्वेचाळीसची होती.

म्हणून नकाशावर जिथे कृष्णवर्णीय वस्ती दाट, तिथेच गोल्डवॉटरचा रंग गडद दिसतो. तिथली माणसं मोजलीच गेली नव्हती.

ऑगस्ट 1965 मध्ये मतदान हक्क कायदा आला. या परीक्षा बंद झाल्या आणि अनेक ठिकाणी नोंदणीसाठी थेट केंद्राची माणसं येऊन बसली. दोनेक वर्षांत मिसिसिपीतली नोंद 60 टक्क्यांच्या घरात गेली. पुढे 2008 मध्ये याच होम्स काउंटीनं ओबामांना 80 टक्क्यांहून जास्त मतं दिली.

त्याच्या कितीतरी आधी, 1967 मध्येच, होम्समधून रॉबर्ट क्लार्क हे शिक्षक राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. विसाव्या शतकात तिथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. सभागृहात दोघांत मिळून एक बाक असे. क्लार्क यांच्या शेजारी कितीतरी वर्षं कुणी बसलं नाही.