एका दिवसाची पायी सहल कशी आखावी

दिवाळीनंतर धानाची कापणी उरकत येते, हवा आल्हाददायक होते, आणि विद्यार्थ्यांच्या मनात सहलीचे विचार घोळू लागतात. सहलीस निघणे सोपे. दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी सुखरूप घरी परतणे हे मात्र आखणीचे काम होय. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, आखणीस परतीच्या गाडीपासून आरंभ करावा.

गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गावरील आपल्या अर्जुनी स्थानकावर गाड्या मोजक्याच थांबतात, व आडगावांस जाणाऱ्या बसगाड्याही थोड्याच. एक चुकली तर दुसरी लवकर मिळेलच असा भरवसा नसतो. यास्तव आदल्या दिवशी स्वतः चौकशी करून वेळा वहीत टिपाव्या. ऐकीव वेळेवर विसंबू नये.

उदाहरणार्थ, नवेगावबांध घेऊ. तेथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला असे सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांस लोक सातबहिणी म्हणतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी ह्या तलावावर उतरतात.

समजा, बसने आपण दहा वाजता तेथे पोचलो, व परतीची बस साडेचारला आहे. थांब्यावर चार वाजता हजर राहावयाचे, म्हणजे हाती सहा तास. त्यांतून भोजनास एक, पक्षी पाहण्यास एक व अडीअडचणीसाठी अर्धा तास वजा करावा. उरले साडेतीन तास. लहान मुले सोबत असता ताशी तीन किलोमीटरांहून अधिक चाल धरू नये. म्हणजे जाऊन पाच व येऊन पाच किलोमीटर, एवढीच आपली मर्यादा. चालण्याचा अर्धा वेळ संपला की, पुढील टेकडी कितीही जवळ दिसो, मागे फिरावे.

हा नियम येथे विशेष पाळावा. नवेगावचे अरण्य १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, व २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. अरण्यात आपल्या मनाने पायी शिरावयाचे नाही. कोठवर चालण्यास मुभा आहे, हे वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारावे. सांजवेळी वन्य पशू पाण्याकडे येतात; त्या वेळी रेंगाळणे धोक्याचे.

पाणी, शिदोरी व टोपी प्रत्येकाने आपापली घ्यावी. सर्वांत मंद चालणाऱ्यास पुढे ठेवावे, म्हणजे कोणी मागे राहत नाही. कोठे जाणार व कोणत्या गाडीने परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवावे.

जो मुलगा सांगितल्या वेळी दारात उभा राहतो, त्यास पुढील सहलीची परवानगी मागावी लागत नाही. आईबापच त्याची शिदोरी बांधू लागतात.