नवं इंजिन, जुने एक्सल

इंजिन बदललेल्या जुन्या जीपचं बॉनेट उघडलं की भोवती घोळका जमतो. टर्बो कुठला, सीसी किती, पिकअप कसा, असे प्रश्न सुरू होतात. मुरलेला मिस्त्री मात्र आधी टॉर्च घेऊन गाडीखाली सरकतो. मागचा एक्सल कोणता, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस कोणत्या मापाचे, क्राउन-पिनियनचा रेशो किती, हे पाहिल्याशिवाय तो इंजिनाबद्दल तोंड उघडत नाही.

महिंद्राने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथे कित्येक वर्षं बनत राहिलं आणि सरकारी खात्यांपासून बागाईतदारांपर्यंत सगळ्यांच्या दारात पोचलं. त्याचं उंच बॉनेट शोभेसाठी नव्हतं. ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. २.२ लिटरच्या त्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर. त्यामागे टी-९० हा तीन गिअरांचा बॉक्स, डेना १८ ट्रान्सफर केस, पुढे डेना २५ आणि मागे डेना ४४ एक्सल. सगळं एकमेकांच्या बेताने घडवलेलं.

पेट्रोल परवडेना तशी डिझेल इंजिनं आली. खुद्द महिंद्राने एमएम ५४० मध्ये २,११२ सीसीचं पूजो डिझेल बसवलं. मालकांनी टोयोटा आणि इसुझूची इंजिनं चढवली. हरियाणातल्या मंडी डबवालीचा तर अशा जीप बांधून विकण्यातच नावलौकिक झाला. आता कॉमन-रेल डिझेलचा जमाना आहे. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धांनी या हौसेला आणखी खतपाणी घातलं.

नव्या इंजिनाचा भार किती, ते गुणाकार करून पाहावं. पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६, एक्सल ५.३८, एकूण झाले सुमारे ३७. हरिकेनचे १५५ न्यूटन-मीटर एक्सलपाशी पोचेपर्यंत ५,७०० च्या घरात जातात. २०१० च्या थारमधलं २.५ लिटरचं सीआरडीई इंजिन २४७ न्यूटन-मीटरचं. ते याच साखळीला जोडलं तर आकडा ९,१०० च्या वर जातो. त्यात डिफरन्शियलला लॉकर बसवला आणि एकाच चाकाला पकड मिळाली, तर त्या एक्सलच्या वाट्याचा जवळजवळ सगळा जोर एकट्या शाफ्टवर येतो.

पहिली कसोटी लागते ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात. दोघं वेगवेगळ्या घरचे, म्हणून मधे अडॅप्टर प्लेट येते. प्लेट बोल्टांनी आवळली म्हणजे काम झालं असं नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज चिकटवायचं, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हाताने सावकाश एक फेरी फिरवायचा. काटा एकूण जेवढा सरकेल त्याच्या निम्मी दोन्ही केंद्रांमधली चूक. पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश, ही साधारण मर्यादा धरतात. त्यापुढे गेलं की पायलट बेअरिंग खाल्लं जातं, क्लच थरथरतो आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या नावाने बोटं मोडली जातात.

टी-९० काढून पाच गिअरांचा बॉक्स घ्यायचा, तर पंचाईत मागच्या टोकाला होते. डेना १८ मधून पुढचा आणि मागचा, दोन्ही शाफ्ट उजव्या अंगाने निघतात. म्हणून जुन्या जीपचे दोन्ही डिफरन्शियल उजवीकडे सरकलेले असतात. नंतरच्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये मागचा शाफ्ट मधोमध येतो. मग एकतर एक्सल बदला, नाहीतर तिरका शाफ्ट आणि त्याची थरथर सोसा.

मागच्या डेना ४४ ची बदनामी थोडी अन्यायाची आहे. साडेआठ इंची क्राउन व्हील चांगलं दणकट. दुखणं टोकाला असतं. जुन्या एक्सल शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब चावीने अडकवलेलं आणि मोठ्या नटाने आवळलेलं. जोर वाढला की चावीच्या खाचेपाशी तडा जातो. गाडीचं वजनही याच शाफ्टवर असल्याने तो तुटला की ड्रमसकट चाक निखळू शकतं. उपाय दोन: ३० स्प्लाइनचे अखंड फ्लँजवाले शाफ्ट, किंवा फुल-फ्लोटिंग हब. दुसऱ्या प्रकारात वजन हाउसिंगवरची बेअरिंगं पेलतात आणि शाफ्टला फिरण्यापलीकडे काम उरत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबीला मागे फुल-फ्लोटिंग एक्सलच होता. नागरी मॉडेलांमधून तो पुढे नाहीसा झाला आणि आज हौशी मंडळी पदरचे पैसे मोजून तो परत आणतात.

एक्सल उघडलाच आहे तर रेशोही ठरवून घ्यावा. मूळ टायर सुमारे साडेअठ्ठावीस इंचांचा. त्यावर ५.३८ चा एक्सल असेल तर ताशी ८० किलोमीटरला, टॉप गिअरमध्ये, इंजिन ३,१०० च्या वर फिरतं. कमी फेऱ्यांत काम करणाऱ्या डिझेलला हे जाचतं, म्हणून ४.८८ किंवा ४.२७ ची जोडी शोधतात. पण ३३ इंची टायर चढवायचे असतील तर ५.३८ चाच परिणाम ४.६५ सारखा होतो, आणि काही न बदलता गणित जुळतं. म्हणून टायर आधी ठरवावा, रेशो नंतर. आणि बदलायचा तर दोन्ही एक्सलचा. मधला डिफरन्शियल नसलेल्या जीपमध्ये पुढचा-मागचा रेशो वेगळा पडला, तर फोर-बाय-फोर लावताच साखळी आतल्या आत पिळली जाते.

नवी जोडी बसवताना मिस्त्री क्राउनच्या चार दातांना पिवळा रंग फासतो, पिनियन फिरवतो आणि रंगात उमटलेला ठसा पाहतो. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा. मुळाशी किंवा माथ्याला उमटला की सगळं पुन्हा खोलायचं, शिम बदलायची, बेअरिंग दाबायचं. दातांमधली मोकळीक सहा ते दहा थाऊंच्या आत हवी. या कामात घाई केली की डिफरन्शियल पहिल्याच प्रवासात रडायला लागतो.

ब्रेकचा विषय मागे पडतो, आणि तो पडू नये. मूळ ड्रम नऊ इंचांचे. वाढलेल्या ताकदीच्या, जड टायरांच्या गाडीला ते पुरत नाहीत. पुढे डिस्क बसवणं हा याच खर्चाचा भाग धरावा. कायदाही विसरून चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. आरसी बुकात एक आणि बॉनेटखाली दुसरं, अशी गाडी रस्त्यावर आणली तर जोखीम मालकाची.

इतकं सगळं मजबूत केल्यावर जाणकार एक जागा मुद्दाम कच्ची ठेवतात. प्रॉपेलर शाफ्टला दणकट १३५० ऐवजी १३१० मापाचा क्रॉस घालतात, म्हणजे काही तुटायचंच असेल तर ते तिथे तुटेल. तुटलेला शाफ्ट आपटून ब्रेकची नळी फोडू नये म्हणून खाली लोखंडी पट्टी लावतात. डब्यात जादा क्रॉस, सर्क्लिप काढायची पक्कड आणि दोन पाने ठेवतात. क्रॉस मिळाला नाही तर मागचा शाफ्ट उतरवायचा, पुढचे हब लॉक करायचे आणि पुढच्या चाकांवर गाडी डांबरी रस्त्यापर्यंत आणायची.