मोडेम वाचला, तांब्याची तार वाचेल का?

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार संपला आणि आठवडाभर सगळीकडे तीच चर्चा होती: नवा संगणक घ्यायचा की जुनाच चालवायचा. त्या गडबडीत त्याच दिवशीची दुसरी एक बातमी कुणाच्या लक्षात आली नाही. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशीच्या अपडेटमधून अगेरे कंपनीच्या जुन्या मोडेमचा ड्रायव्हर विंडोजमधून कायमचा काढून टाकला. या ड्रायव्हरवर चालणारे फॅक्स मोडेम यापुढे चालणार नाहीत, असं कंपनीने सोबतच्या टिपेत स्पष्ट लिहिलं होतं.

निर्णय योग्यच होता. हा ड्रायव्हर वर्षानुवर्षं विंडोजसोबत प्रत्येक संगणकावर येत होता, मोडेम असो वा नसो. त्यातल्या दोषाचा फायदा घेऊन यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येत होता आणि तसे हल्ले प्रत्यक्षात सुरूही झाले होते. दुरुस्त करत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला. पण या बातमीचा अर्थ ‘संगणकावरून फॅक्स करणं बंद झालं’ असा काही जणांनी लावला, तो साफ चुकीचा आहे. काढला तो संगणकाच्या पोटात बसणाऱ्या, स्वस्त मोडेमचा ड्रायव्हर. त्या मोडेममध्ये स्वतःची अक्कल जवळपास नसते. आवाजाचे बिट आणि बिटांचा आवाज करण्याचं काम ते संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतात, म्हणून त्यांना असा खास ड्रायव्हर लागतो. टेबलावर ठेवायचा, लुकलुकत्या दिव्यांचा बाहेरचा मोडेम हे काम स्वतःच्या चिपवर करतो. संगणक त्याला सीरियल पोर्टमधून साध्या आज्ञा देतो, आणि त्या आज्ञांची भाषा 1981 मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने रूढ केली तीच आजही आहे. असा मोडेम या अपडेटमधून सहीसलामत सुटला.

मला या डबीबद्दल आस्था आहे, आणि ती का, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

सुरुवात आमच्या मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरापासून करतो. सांताक्रूझचं नाव भारतीय इलेक्ट्रॉनिक्सला चिकटलं ते 1973 साली. सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. प्रत्यक्षात तो अंधेरी पूर्वेला आहे, पण नाव सांताक्रूझचं. परदेशाशी रोजचा व्यवहार करणाऱ्या तिथल्या कंपन्यांचा पत्रव्यवहार आधी टेलेक्सवर चाले, मग फॅक्सवर आला. घराघरांत मात्र फॅक्स मशीन कधीच आलं नाही. ते महाग, जागा खाणारं, आणि त्याचा थर्मल कागदाचा रोल वेगळा विकत आणावा लागे. ज्याला महिन्यातून चार-सहा फॅक्स करायचे, तो कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथवर जाई आणि पानामागे पैसे मोजी. घरून काम करणारा सनदी लेखापाल, कस्टम्सची कागदपत्रं पाहणारा एजंट, भाषांतरकार, वृत्तपत्राचा बातमीदार अशा माणसांसाठी नव्वदच्या दशकात बाहेरचा फॅक्स मोडेम हा मधला मार्ग ठरला. संगणक घरात आलेलाच होता आणि एमटीएनएलची टेलिफोन लाइनही होती. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा इंटरनेटसाठी घेतलेला मोडेम फॅक्सही करतो, हे अनेकांना खोक्यावर वाचून कळलं.

डेलरिना या कॅनेडियन कंपनीचं विनफॅक्स हे सॉफ्टवेअर त्या काळात घरोघर पसरलं. 1995 मध्ये सिमँटेकने ती कंपनी घेतली. विनफॅक्सची युक्ती साधी होती. संगणकाला वाटे की आपल्याला एक प्रिंटर जोडलेला आहे. पत्र लिहायचं, ‘प्रिंट’ म्हणायचं, यादीतून फॅक्स निवडायचा आणि नंबर द्यायचा. वेळही ठरवून देता येई. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होई, तेव्हा दिवसभराची पत्रं रांगेत लावून माणूस झोपायला जाई आणि मोडेम दिल्ली-कोलकात्याला आपलं आपण फोन लावी.

पुढे काय घडतं ते पाहण्यासारखं आहे, कारण फॅक्सचं खरं मोल तिथेच आहे. लाइन लागली की पाठवणारा मोडेम 1100 हर्ट्झचा छोटा सूर दर तीन सेकंदांनी देत राहतो. पलीकडचं यंत्र 2100 हर्ट्झचा सलग सूर देऊन उत्तर देतं. मग 300 बिटच्या कूर्मगतीने दोघांची ओळखपाळख होते: मला काय काय येतं, तुला काय येतं. त्यानंतर पाठवणारा दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतो. पलीकडचा त्यात किती बिघाड आला ते तपासतो आणि ‘चालेल’ किंवा ‘पुन्हा’ असं सांगतो. ‘पुन्हा’ आलं की वेग एक पायरी खाली: 14400, 12000, 9600, 7200. मोठ्या हौसेने 56 के मोडेम घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नसे, की फॅक्स त्यावरही बहुधा 14400 नेच जातो. पान गेलं की पलीकडून कळतं, ‘मिळालं, ठीक आहे’. ते आलं तरच आपल्या पडद्यावर यशाची नोंद होते. ही पोच कुठल्या मधल्या सर्व्हरची नसते, ज्याला पान मिळालं त्याच यंत्राची असते, आणि फोन खाली ठेवायच्या आत मिळते. ईमेल आजही एवढं सांगत नाही.

वेगाच्या या पायऱ्या आपल्या उपनगरांत पावसाळ्यात कामी येत. एमटीएनएलच्या खांबावरच्या आणि इमारतीच्या जिन्याखालच्या पेट्यांत पाणी शिरलं की लाइनवर खरखर सुरू होते. बोलणाऱ्याला ती जेमतेम जाणवते, पण मोडेमला ती लगेच कळते. सांताक्रूझला पावसाचं वेगळं सांगायला नको. 26 जुलै 2005 ला इथल्याच वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही पडला नव्हता. तेवढ्या पाण्यापुढे कुठलाच इलाज चालत नाही. पण साध्या श्रावणसरीत, जिथे इंटरनेट दर दोन मिनिटांनी तुटे, तिथे फॅक्स 7200 वर उतरून रखडत का होईना पोचे. खरा शत्रू घरातच असायचा: आतल्या खोलीतला जोडफोन. कुणी तो उचलला की पान फुकट.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो. फॅक्स मोडेमने मराठीसाठी जे केलं, त्याची नोंद फारशी कुणी घेतलेली नाही.

त्या काळी संगणकावर मराठी लिहिणं शक्य होतं, पाठवणं जवळपास अशक्य. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी प्रत्येकाची अक्षरांच्या संकेतांकांची आपापली मांडणी होती. देवनागरीच्या संकेतांकांसाठी इस्की नावाचं प्रमाण 1991 मध्ये ठरलं होतं, पण फाँट बनवणाऱ्यांनी आपापल्या सोयीने अक्षरांचे तुकडे पाडले होते. श्रीलिपीत लिहिलेला लेख ईमेलने पाठवला आणि पलीकडे तो फाँट नसला, की पडद्यावर उमटे ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अगम्य भेळ. युनिकोडचं देवनागरी विंडोज 2000 सोबत आलं, आणि संपादकीय कार्यालयांत रुळायला त्यालाही पुढे बरीच वर्षं लागली.

फॅक्सला मात्र फाँटशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या लेखी पान म्हणजे ठिपके: आडव्या रेषेत 1728, आणि अशा रेषा एकाखाली एक. ‘क्ष’ असो की ‘ज्ञ’, काळा ठिपका की पांढरा एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे घरच्या संगणकावर श्रीलिपीत टाइप केलेलं मराठी पान, ज्याच्याकडे श्रीलिपीच काय, संगणकही नाही अशा माणसाकडे जसंच्या तसं उमटे. संगणकातून थेट गेलेलं पान फॅक्स मशीनमधून सरकवलेल्या कागदापेक्षा स्वच्छही असे. तिरकं होणं नाही, काचेवरच्या धुळीच्या रेघा नाहीत.

पण त्यात एक मेख होती, आणि ती देवनागरीलाच जास्त नडे. फॅक्सच्या साध्या प्रतीत उभ्या इंचात 98 रेषा असतात. 12 पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग, म्हणजे अवघ्या 16 रेषा. इंग्रजीला त्या पुरतात. मराठीला त्याच 16 रेषांत वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, मध्ये जोडाक्षर आणि खाली उकार बसवायचा असतो. अनुस्वार गळाला तर ‘तंटा’चा ‘तटा’ होतो, ‘राष्ट्र’ वाचता येत नाही, आणि आकड्यांतले 5 नि 6 एकमेकांत मिसळतात. म्हणून ‘फाइन’ निवडायचं, म्हणजे 196 रेषा आणि अक्षराला 32-33. शिवाय अक्षर 14 पॉइंटचं आणि थोडं ठळक ठेवायचं. वेळ वाढतो, हे खरं. साध्या प्रतीचं ए-फोर पान म्हणजे जवळपास 20 लाख ठिपके. दाबून लहान न करता 9600 च्या वेगाने धाडलं तर साडेतीन मिनिटं लागतील, आणि फाइनला त्याच्या दुप्पट. पांढऱ्या जागा संक्षिप्त करून पाठवण्याची सोय 1980 च्या ग्रुप थ्री प्रमाणातच असल्याने साधं पत्र प्रत्यक्षात अर्ध्या-एक मिनिटात जातं. मराठीसाठी ते जास्तीचं अर्धं मिनिट देणं मला नेहमीच रास्त वाटत आलं आहे.

पोच मिळते म्हणजे पुरावा झाला का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये यावर एक मोलाचा निकाल दिला. एसआयएल इम्पोर्ट, यूएसए विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स, असं ते प्रकरण. बंगळूरच्या रेशीम निर्यातदाराला मिळालेले चेक वटले नाहीत. त्याने 11 जून 1996 ला फॅक्सने नोटीस धाडली, आणि नंतर तीच रजिस्टर पोस्टानेही पाठवली. टपाल पोचलं 25 जूनला. तक्रार दाखल झाली 8 ऑगस्टला. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवस, आणि त्यानंतर तक्रारीला एक महिना, असा तेव्हाचा हिशोब. टपालाच्या तारखेपासून मोजलं तर तक्रार वेळेत होती. न्यायालय म्हणालं, कायद्याला लेखी नोटीस हवी आहे, ती फॅक्सने दिली तरी चालते, आणि ती फॅक्सच्या दिवशीच मिळाली. मुदत 26 जुलैला संपली होती. तक्रार रद्द झाली. निर्यातदाराचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं, पण निकालाचा तर्क अचूक आहे. पत्र त्याच क्षणी पोचवण्याचा फायदा घ्यायचा असेल, तर तारीखही त्याच क्षणाची धरावी लागते.

अर्थात या पुराव्याला मर्यादा आहेत. पानाच्या माथ्यावर छापला जाणारा नंबर आणि वेळ पाठवणाऱ्याचा संगणक घालतो. घड्याळ चुकीचं लावलं तर वेळ चुकीची. संगणकावरून गेलेल्या पत्रावर शाईची सहीही नसते. अनेक जण सहीचं चित्र स्कॅन करून चिकटवत. आणि पलीकडच्या यंत्राने ‘मिळालं’ म्हटलं, याचा अर्थ माणसाने वाचलं असा होत नाही. पलीकडे यंत्रच हाताळायला कुणी नसेल तर काय होतं, ते 21 नोव्हेंबर 2018 ला देशाने पाहिलं. मेहबूबा मुफ्ती यांचं सरकारस्थापनेच्या दाव्याचं पत्र जम्मू-काश्मीरच्या राजभवनाच्या फॅक्सवर पोचेना, आणि त्याच रात्री विधानसभा विसर्जित झाली. सुट्टी होती, फॅक्स पाहायला माणूस नव्हता, असं राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितलं.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे वळू. विंडोजच्या अपडेटने बाहेरच्या मोडेमचं काही बिघडवलं नाही. त्याला धोका आहे तो भिंतीतल्या सॉकेटमागे. 1986 मध्ये मुंबई-दिल्लीचे फोन सांभाळण्यासाठी स्थापन झालेल्या एमटीएनएलची बँकांची कर्जं थकली आहेत आणि मुंबईतलं तिचं कामकाज 2025 पासून बीएसएनएल पाहतं. उपनगरांतल्या इमारतींत फायबर पोचला आहे, आणि लँडलाइन म्हणून जो फोन मिळतो तो राउटरच्या मागच्या भोकात लागतो. दिसायला तोच फोन, पण तिथे आवाजाचे तुकडे करून ते पाकिटांतून धाडले जातात. बोलताना एखादं पाकीट हरवलं तर कानाला पत्ता लागत नाही. मोडेमचा सूर मात्र तिथेच तुटतो. यावर टी.38 नावाचा तोडगा 1998 पासून आहे. त्यात फॅक्सचा आवाज न धाडता फॅक्सचा मजकूरच पाकिटांत घालतात. पण वाटेतल्या प्रत्येक यंत्राने तो पाळायला हवा, आणि घरगुती जोडणीत त्याची हमी कुणी देत नाही.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने 2019 पासून नवी फॅक्स मशीन घेणं थांबवलं, तिकडची तांब्याच्या तारांवरची जुनी टेलिफोन सेवा 2027 च्या जानेवारीत बंद करायचं ठरलं आहे. आपल्याकडेही तेच होईल, आणि होऊ द्यावं. नव्याने फॅक्ससाठी लाइन घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण ज्यांच्याकडे अजून तांब्याची जिवंत लाइन आहे, ज्यांचं एखाद्या जुन्या विमा कंपनीशी किंवा परदेशी रुग्णालयाशी फॅक्सवर काम पडतं, त्यांनी बाहेरचा मोडेम भंगारात देऊ नये. यूएसबीला लागणारे असे मोडेम अजून मिळतात, आणि विंडोज 11 मध्ये फॅक्स पाठवण्याची सोयही अजून आहे.

एक काम मात्र प्रत्येकाने लगेच करावं. सोसायटीच्या, जागेच्या किंवा भागीदारीच्या जुन्या फायलींत थर्मल कागदावर आलेले फॅक्स असतील, तर त्यांचा मजकूर दरवर्षी फिका पडतो आहे, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्यांचा अधिक वेगाने. सांताक्रूझमध्ये पुनर्विकासाची बोलणी चाललेल्या इमारतींत असे कागद आजही लागू शकतात. त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढा, स्कॅन करा. जुन्या संगणकात विनफॅक्सने साठवलेले फॅक्स असतील तर ते विनफॅक्सशिवाय धड उघडत नाहीत. तो संगणक चालू आहे तोवर ते पीडीएफ किंवा टीआयएफएफमध्ये काढून घ्या.