सर्पगंधेचे मूळ आणि दंडावरचा पट्टा

चार वर्षांपूर्वी वडील सकाळी अंथरुणातून उठताना भोवळ येऊन पडले. रक्तदाबाची गोळी त्यांना सुरू होतीच. तिच्या जोडीला ते महिनाभर सर्पगंधा घनवटीही घेत होते. ‘झाडपाल्याचं औषध, त्यानं काय होणार?’ म्हणून डॉक्टरांना सांगितले नव्हते. काय होते, हे शोधताना मी या मुळाच्या इतिहासात शिरलो.

सर्पगंधा हे सावलीत वाढणारे लहानसे झुडूप. औषध मुळात, त्यातही मुळाच्या सालीत. सर्पदंश, निद्रानाश, उन्माद यांवर ते परंपरेने दिले जाई. बिहारात त्याला ‘पागल की दवा’ म्हणत. शास्त्रीय नाव राउवोल्फिया, सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून. हा गृहस्थ बगदादपर्यंत आला होता, भारतात कधीच नाही!

‘पूर्वजांना रक्तदाबावरचे औषध ठाऊक होते’ हे विधान मला अर्धेच पटते. रक्तदाब मोजायचा दंडावरचा पट्टाच मुळी १८९६ मधला, इटलीच्या रिवा-रोच्ची यांचा. पूर्वजांना दिसला तो शांत झालेला रोगी. उतरलेला आकडा दिसणे शक्यच नव्हते. तो दिसला १९३१ मध्ये, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांना. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांवरून ‘अजमलीन’ नाव दिले.

तरीही जगाचे लक्ष गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. मुळाची कीर्ती त्यांनी गृहीत धरली नाही. पट्टा बांधून मोजत राहिले. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इथेच आहे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा कंपनीत मुळातला मुख्य घटक, रेसर्पीन, हाती लागला.

रेसर्पीन रक्त ‘पातळ’ वगैरे करत नाही. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा निरोप मज्जातंतू नॉरॲड्रेनलीन या द्रव्यामार्फत देतात. हे द्रव्य तंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. रेसर्पीन या पिशव्या भरूच देत नाही. साठा संपतो, वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, नाडी मंदावते. उभे राहताना वाहिन्यांनी चटकन आवळायला हवे, तेही नीट होत नाही, म्हणून भोवळ. नाक चोंदते ते याच कारणाने. मेंदूतल्या पिशव्याही रित्या होतात. उन्मादी माणूस निवतो तो त्यामुळे, आणि काहींना खिन्नता ग्रासते तीही त्यामुळेच. गुण वेगळा आणि दोष वेगळा काढता येत नाही, क्रिया एकच आहे.

मात्रा तर पाहा: रेसर्पीनची दिवसाची मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. मुळात ते किती असेल हे झाड कुठले, मूळ कधी खणले, यावर ठरते. शिवाय मूळ काढले की झाड गेलेच. रानातली सर्पगंधा इतकी उपसली गेली की १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

रित्या पिशव्या लगेच भरत नाहीत. औषध थांबवल्यावरही परिणाम कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणून डॉक्टरांनी घनवटी बंद केली, जुनी गोळी दोन आठवडे निम्मी ठेवली आणि रोज सकाळी आधी बसवून, मग उभे करून रक्तदाब मोजायला सांगितले. पहिल्या दिवशी उभ्याने वरचा आकडा ९४ होता, पंधराव्या दिवशी १२६. ती वही वडिलांनी अजून ठेवली आहे.