कसोटीचा धडा

बँकेत दागिने तारण ठेवताना त्यांचा कस पाहणारा मूल्यमापक तयार होतो तरी कसा? काळ्या कसोटीवर दागिन्याची रेघ ओढायची, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची. दोहोंवर तेजाब लावून कोणती किती टिकते ते ताडायचे, हा त्याचा श्रीगणेशा. २२ कॅरट म्हणजे हजारी ९१६ भाग सोने. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पण आजीच्या पाटल्यांवर तो कुठला असायला? मुलामा फसवतो, म्हणून एकाच जागी घासून भागत नाही. खडे, लाख यांचे वजन वजा, घडणावळ हिशेबाबाहेर. अंदाज चढा गेला तर बँकेला खोट, उतरता गेला तर अडलेले घर नाडले जाते. तेव्हा गृहिणींनो, पावतीवर एकूण आणि निव्वळ, दोन्ही वजने अवश्य लिहून घ्या!