काळ्या रानातली गारगोटी

नांगरट होऊन पहिला पाऊस पडला की काळ्या रानात पांढरे, करडे, मधाच्या रंगाचे खडे धुऊन वर येतात. त्यांत गारगोट्या पुष्कळ. हे नवलच आहे, कारण गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि दख्खनचे पठार ज्या बेसाल्टचे, त्या खडकात ते जवळजवळ नसतेच.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचेच द्रव्य, त्या पोकळ्यांत थराथराने साचली. पट्टे दिसले तर अकीक, एकसारखी मेणचट दिसली तर कॅल्सेडनी. मधे जागा उरली तिथे टोकदार स्फटिक वाढले, कधी जांभळेसुद्धा. काळाच्या ओघात भोवतालचा बेसाल्ट कुजून त्याची माती झाली. गारगोटी तेवढी टिकली.

ती ओळखताना रंगावर विसंबू नये. चुनखडीचे खडेही पांढरेच असतात. काचेच्या जुन्या तुकड्यावर खडा दाबून ओढा. मोहसच्या मापाने गारगोटीची कठीणता ७, काचेची साडेपाचच्या आसपास, त्यामुळे ओरखडा उठतोच. चाकूचे टोक गारगोटीवर ओढले तर तिला चरा पडत नाही, उलट पोलादाचीच करडी रेघ तिच्यावर उमटते. चुनखडी थोडी खरवडून लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात. गारगोटीवर काहीच होत नाही. आणि फुटलेली बाजू जरूर पाहा. तिथे सपाट पापुद्रे नसतात, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे गोलसर खळगे असतात आणि त्यांच्या कडा विलक्षण धारदार.

या धारेची किंमत आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. प्रवरेकाठचे नेवासे, घोड नदीकाठचे इनामगाव इथल्या उत्खननांत कॅल्सेडनीची चिमुकली पाती सापडली. ही माणसे तांबे वापरत होती, तरी त्यांनी दगडी पाती सोडली नव्हती.

दोन गारगोट्या मिट्ट अंधारात एकमेकींवर जोरात घासल्या तर त्या क्षणभर उजळतात. मुलांना हे अवश्य दाखवा. मात्र गारगोटी कोरडी कापू किंवा कुटू नका. मातीत न कुजणारी ही सिलिका बारीक धूळ होऊन फुप्फुसात गेली तर तिथेही कुजत नाही. खंबातमध्ये अकीक घासून मणी घडवणाऱ्या कित्येक कारागिरांना याच धुळीने सिलिकोसिस जडला, आणि या रोगावर अजून खात्रीचा इलाज नाही.